पाकिटावरची लाल ओळ

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक.

अगं, परवाना मिळाला! आज सकाळी यंत्रातून पहिलं पाकीट पडलं आणि मी, पंचावन्न वर्षांचा घोडा, कामगारांसमोर नाचलो. रातकिड्यांचं पीठ, चक्क सरकारी शिक्क्यासकट! आत्या टोळ भाजायची तेव्हा नाकं मुरडणारे शेजारी आता विचारतात, "आमच्यासाठी किलोभर ठेवाल ना?" आणि गंमत ऐक. पहिले तीन घाणे कडू निघाले. तज्ज्ञ डोकं धरून बसले. मग मला आठवलं, आत्या टोळांना दिवसभर उपाशी ठेवायची, पोट रिकामं झालं की मगच तव्यावर. आम्हीही तसंच केलं. पीठ असं खमंग उतरलं की यंत्रवालाच बोटं चाटत बसला! मूठभर चारा, घोटभर पाणी, एवढ्यावर वाढणारं हे उद्याचं अन्न आहे, ठमे, आणि त्याची युक्ती आपल्या आत्याची.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या रविवारी उद्घाटनाला दोघं येताय, दीड वर्षानं! वहिनीनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पाकिटावर लाल अक्षरांत छापलंय: कोळंबी सोसत नसेल त्यांनी खाऊ नये. अक्षरं मी मुद्दाम मोठी करवली.

तुझ्या यजमानांना, आपल्या जावईबुवांना, कोळंबी सोसत नाही हे मला ठाऊक होतं. किड्यांचंही तसंच होतं हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांची फजिती करायला मी न सांगता पिठाची बिस्किटं खाऊ घातली. त्यासाठी तू बोलणं टाकलंस, ते बरोबरच होतं. पण तू लिहितेस, ते म्हणतात, "दादांनी डॉक्टरांना लगेच सांगितलं म्हणून मी वाचलो."

लगेच नाही सांगितलं, ठमे. तू औषधं आणायला गेली होतीस. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हणालो, "साधी बिस्किटं." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडेल, ही भीती. दहा मिनिटांनी जावईबुवांचे ओठ निळे पडले तेव्हा कुठे मी खरं सांगितलं.

हे त्यांना वाचून दाखव, मग यायचं की नाही ते ठरवा. वहिनीला आज दुपारी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

दहा मिनिटं गप्प बसलेला,
तुझा दादा