साहेबाच्या रेकॉर्डचा अर्थ

राजमान्य राजेश्री यशवंतराव व्याही यांस,

काळेवाडीहून सोपानरावाचा रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे (शेक चालू ठेवा, डॉक्टर काही म्हणोत). विहीणबाईंना नमस्कार. आखाड लागताच इंद्रायणीला आणायला मी मुराळी पाठवला होता. नवी सून आखाडात सासरी ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी बटाट्याच्या लावणीची गडबड सांगून तुम्ही त्याला पोहे खाऊ घातलेत आणि एकट्याला परत धाडलंत. पोहे झकास होते म्हणाला. असो, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. हे पत्र त्याबद्दल नाही, लग्नात वाजलेल्या त्या इंग्रजी रेकॉर्डबद्दल आहे.

ती रेकॉर्ड आमच्या लाउडस्पीकरवाल्या युसुफची. कंपनीत मशिनं बसवायला आलेला एक गोरा साहेब मायदेशी परतताना सामान विकून गेला, त्यात ती युसुफला मिळाली. नवीकोरी, वरचा कागदही फोडलेला नव्हता. पाकिटावर गवताळ माळ आणि माळावर नुसताच जिना, घर नाही (गवंडी पळून गेला असावा). युसुफला तिचं कौतुक वेगळंच. सिनेमाचं गाणं तीन मिनिटांत संपतं, म्हणून लग्नात त्याला सुईपाशी बसून राहावं लागतं आणि जेवण मिळतं ते सगळ्या पंगती उठल्यावर, गार झालेलं. या रेकॉर्डवर मात्र एका बाजूला एकच गाणं. सुई ठेवली की माणूस निवांत जेवून येतो. आपल्या लग्नात तो आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसला.

पुढचं तुम्ही पाहिलंच. आधी बराच वेळ नुसता घुमल्यासारखा आवाज येत राहिला, म्हणून तुमच्या दत्तोबांनी कर्ण्याला दोन थपडा मारल्या. मग सगळं एकदम शांत झालं. गाणं संपलं असं समजून त्यांनी माइक घेतला आणि आहेर पुकारायला सुरुवात केली, तोच असा ढोल कडाडला की दत्तोबांच्या हातातलं लुगडं वरणात पडलं. (ते लुगडं तुमच्याच बहिणीकडून आलं होतं. धुऊन ठेवलंय, हळदीचा डाग राहिला.) युसुफ जिलबी हातात घेऊन धावला, पण सुई उचलेना. म्हणाला, थांबा, आता चांगलं येतंय.

आणि चांगलं आलं ते पाठवणीला. त्याने दुसरी बाजू लावली. एक माणूस हळू आवाजात गात होता, मागे पेटीसारखं काहीतरी. एरवी पाठवणीला हंबरडा फोडणाऱ्या बायका गप्प उभ्या राहून ऐकत होत्या. आमच्या छबूबाईंच्या डोळ्यांत लग्न झाल्यापासून मी पाणी पाहिलं नव्हतं, त्या ढसाढसा रडल्या. तुम्हीसुद्धा फेट्याच्या शेमल्याने डोळे टिपलेत, नाही म्हणू नका. मी तेवढा जीपचं चाक तपासत होतो.

तेव्हापासून मला एकच विचार छळतोय. अक्षर न कळता एवढी माणसं रडली, तर तो गडी म्हणतोय तरी काय? रोज संध्याकाळी मी युसुफच्या दुकानात जाऊन ती बाजू ऐकतो. युसुफचं मत, गाणाऱ्याची आई वारली. युसुफची आई कमरुन्निसा म्हणाली, "कोन का असंना, उपाशी हाय बिचारा," आणि तिने आम्हा दोघांपुढे भाकरी ठेवली. घरी छबूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याला काय झालंय ते मला न्हाई ठावं. तुमाला काय झालंय ते दिसतंय." बायकांना गाण्यातलं कळत नाही.

तेव्हा अर्थ लावायला इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेलं घरचं माणूस हवं, आणि आपल्या दोन्ही घरांत तसं एकच आहे. रेकॉर्डच तिकडे पाठवली असती, पण एसटीच्या गर्दीत ती तडकते. माणसाला काही होत नाही. कामापुरतं आठ दिवस पाठवावे.

आपला,
सोपानराव

ता. क. लावणीला हात कमी पडत असतील तर आमचे दोन गडी उद्याच पाठवतो. त्यांना परत पाठवायची घाई नाही.

ता. क. पुन्हा. व्याही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. गाण्याचा अर्थ कंपनीतल्या एका सुपरवायझरने परवाच सांगितला. त्यात धुकं आहे, एक जुना पूल आहे, बाकी काही नाही. रडावं असं त्यात काहीच नाही म्हणाला. मी तरी काल पुन्हा जाऊन ऐकलं आणि युसुफच्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, रडलो. पोरीला पाठवा.