उलटा टांगलेला माइक

दादा,

कॅमेऱ्याच्या तिवईला चाकं मी बसवली. लग्नाच्या मांडवात कॅमेरा सरकवायची पीव्हीसी पाइपची ट्रॉली मी केली, हॅलोजनचं स्टँड जुन्या सायकलच्या सांगाड्यातून मी केलं. आणि आता माइकसाठी लोखंडी कडं वाकवून त्यात ट्यूबच्या रबरी पट्ट्यांचा झुला बांधलाय, म्हणजे खालची धडधड माइकात चढत नाही. वारा लागू नये म्हणून त्याला टोपरंही शिवलं, जत्रेतल्या केसाळ अस्वलाचं पोट कापून. कुणाकडे शिकायला गेलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे कॅमेराच नव्हता, म्हणून हे सांगायचं राहिलं. अख्खं गाव तुम्हाला गुरुजी म्हणायचं, शाळेत आणि चर्चच्या भजनातही. दादा म्हणणारी आम्ही घरची, तुमची पोरंच. हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, तेव्हा जरा तपशिलात लिहितो.

मला बरीच वर्षं एक कोडं होतं. शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम चाललीय. दारातून पाहिलं तर पोरी डावीकडे, पोरं उजवीकडे, आणि तुम्ही आमच्याकडे तोंड करून पेटीवर, डोळे मिटून. भाता चालू असतो, तुमचं एक बोट पेटीवरून उठतं आणि एवढ्या घोळक्यातून सरळ माझ्याकडे येतं. "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको." रागानं नाही, खिडकी लावून घे म्हणावं इतकं सहज. मी ओठ हलवले. पुढे माझा संसार झाला, तुम्ही गेलात, तरी चर्चमध्ये मी ओठच हलवत आलो. त्याचं वाईट वाटायचे दिवस सरले, पण प्रश्न काही सुटेना: मिटल्या डोळ्यांनी तुम्हाला कळायचं कसं?

उत्तर या माइकानं दिलं. कॅमेऱ्याच्या अंगातल्या माइकाला माझ्या बोटांची खुडबूडसुद्धा ऐकू येते, म्हणून बाहेरून जोडायचा स्टीरिओ माइक घेतला. एका नळीत दोन कान. डावीकडचा आवाज डाव्या कानात अंमळ मोठा पडतो, आणि तेवढ्यावरून आपण जागा ओळखतो. त्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा हव्यात. तीन रेघांची मोबाईलची पिन इथे चालत नाही. पिन टिचकन बसेपर्यंत दाबायची, नाहीतर एकच कान चालतो. आणि आवाजाची पातळी कॅमेऱ्यावर सोडायची नाही, कारण तो शांततेत आवाज स्वतःच चढवतो आणि ढोलकी वाजली की सगळ्यांना दाबून टाकतो. ती हातानं लावायची. हे सगळं जुळवून मी हेडफोन घालून पडवीत डोळे मिटून बसलो आणि तुमच्या सुनेला म्हटलं, चुटक्या वाजवत फिर. ती फिरेल तिकडे मी बोट दाखवत गेलो. एकदाही चुकलो नाही. "झालं का तुमचं? मला कुकर लावायचाय," ती म्हणाली.

हा खटाटोप आत्यासाठी होता. तुमची बहीण आता बेलापूरला लेकाकडे असते, बोलतानाही तिला दम लागतो. बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावरचं भजन तुम्ही रचलंत, चाल लावलीत, पण तिसरं कडवं कधी कागदावर आलंच नाही. ते तिला एकटीला येतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि तिच्याबरोबर ते जाणार हेही दिसत होतं. नाताळाच्या आधीच्या रविवारी तिला गाडीतून गावाकडे आणलं. "येकदाच म्हनीन," ती म्हणाली. "तुजं मशीन बिघडलं तर मला सांगू नको." स्टँड लोकांच्या पायात येतं म्हणून मी माइक झुल्यासकट छताच्या लोखंडी पट्टीला टांगला, मधल्या वाटेवर, आणि बरोबर त्याच्याखाली कॅमेरा घेऊन उभा राहिलो. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, तुमच्या वेळेसारखेच. पातळीचा काटा लाल होऊ नये म्हणून मी पापणी हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी बेलापूरला जाऊन तिच्या पदरावरूनच हेडफोन चढवला. थोडं ऐकून ती हसायला लागली.

"आरं मेल्या, मला बाप्यांत बसवलं का?"

"असं कसं होईल आत्या? तारा मी स्वतः तपासल्यात. हेडफोन उलटा लागला असेल."

"उलटा तू आसशील. ढोलकीवाला माज्या मांडीवर बसलाय, ऐक."

मी बराच वेळ वाद घातला. मग उजेड पडला. माइक टांगताना उलटा झाला होता, आणि माइक उलटा झाला की त्याचा डावा कान उजवीकडे जातो. त्याच्या अंगावर डावं-उजवं लिहिलेलं असतं. मी वर चढून काच पुसावी तसा माइक पुसला, पण ते वाचलं नाही. बाजू बदलणं कॉम्प्युटरवर क्षणाचं काम. पण बदलायच्या आधी मी ते एकदा स्वतः ऐकलं, कारण पेटीवर बसून तुम्हालाही बाया उजव्याच कानाला ऐकू येत असणार.

बाजू सरळ केल्यावर आत्यानं पुन्हा ऐकलं. "आता बराबर. पन ह्यो मधी कोन रेकतोय?"

मी हेडफोन घेतला. खरंच होता एक आवाज, ना डावा ना उजवा, अगदी मध्ये. म्हणजे माइकाच्या खाली.

"आवाज तुज्या बापावानी जाड हाय," आत्या म्हणाली. "पन त्यो सुरात हुता."

तिसऱ्या कडव्यात तिचा दम तुटतो. ढोलकी एकटीच चालत राहते, आणि तो मधला आवाज शब्द पुढे नेतो, शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. ते ऐकून आत्या हसायची थांबली. "हे तुला कुनी शिकवलं रं?" नुसते ओठ हलवायलाही शब्द लागतात, दादा.

पुढे पुण्याहून एक गृहस्थ आले. जुनी भजनं जमवून इंटरनेटवर टाकतात. "आजींचा आवाज अस्सल आहे," ते म्हणाले, "पण मधला तो बेसूर माणूस काढून टाकू. हल्ली कॉम्प्युटर सगळं सुटं करतो. आजी थांबतात तिथे बासरी भरू." तो माणूस कोण हे मी त्यांना सांगितलं नाही, चहा दिला. त्यांची मागणी गैर नव्हती. सूर कुठे कुठे उतरलाय ते मी स्वतः तपासून बसलोय. पण घरात कुणी नसलं की मी ते रेकॉर्डिंग लावतो, आणि आत्यापेक्षा त्यालाच जास्त ऐकतो, एवढं तुमच्याजवळ कबूल करतो. गृहस्थांनी जाताना रेकॉर्डिंगसाठी देऊ केलेला आकडा सांगितला. मी नको म्हणालो. पंचवीस हजार रुपये.