आईच्या केळीचं पान

व्हिएन्तियान, ३ मार्च

थोरल्या वोंगदुआनताईस,

धाकट्या लत्समीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. नवऱ्याचा गुडघा तेवढा दुखतो, तोंड मात्र अजिबात दुखत नाही. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र केळीच्या पानांच्या ट्रकवाल्याबरोबर नदीच्या पुलापलीकडे पाठवते आहे. त्याला पोटभर मासा खाऊ घातलाय, तेव्हा पोचवेल.

तर बातमी अशी, की आमच्या शहराला हिरवं शहर व्हायचंय. आसपासच्या देशांतली शहरं शर्यतीत आहेत. तपासायला पथक येणार म्हटल्यावर आमचे बाजारप्रमुख खामसाय अंगात आल्यासारखे फिरू लागले. "प्लास्टिक दिसलं की गाळा गेला! सगळं केळीच्या पानात!"

पानात मासा वाफवणं हा आपल्या आईचाच धंदा, पण मीही दोन वर्षं प्लास्टिकच्या डब्यात विकत होते. पानं आणायची कुठून? रेल्वे आल्यापासून जो तो परसात सिमेंट ओतून भाड्याच्या खोल्या बांधतोय. जो तो म्हणजे शेजारीपाजारी.

शेवटी पानं तुमच्या थायलंडातून आली. आता मधे जकात नाही, त्यामुळे पानांनाही परदेशवारी घडते. गार ट्रकमधून, धूर सोडत, दहा-दहाच्या गड्ड्या, आणि प्रत्येक गड्डी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली! वर चिठ्ठी: 'पृथ्वी वाचवा'.

मी विचारलं, "साहेब, या प्लास्टिकचं काय करायचं?"

"ते थाई प्लास्टिक आहे. आपल्यात धरत नाहीत."

अख्ख्या बाजाराचं ते थाई प्लास्टिक माझ्या गाळ्याखाली कोंबलं, कारण पुढ्यात बसून ते झाकेल इतकी रुंद बाई बाजारात दुसरी नाही.

त्या चिठ्ठीवर तुझा फोटो होता, ताई. तुझ्या केळीच्या बागेत उभी, हसरी. माझ्याकडे बघून अशी हसल्याला किती वर्षं झाली? मी ती चिठ्ठी सोलून जपून ठेवली आहे.

पथक आलं. त्यातल्या मलेशियाच्या हलीजाबाई माझे दोन मासे खाऊन मोकळ्या झाल्या नि तिसऱ्याला हात घालत म्हणाल्या, "पानाला काय सुंदर वास आहे! कुठलं?" खाली प्लास्टिक, समोर खामसाय, माझी बुद्धी चालेना. बोलून गेले, "आमच्या परसातलं. आईनं लावलेल्या केळीचं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी! "येत्या शुक्रवारी मला ती केळ बघायचीच आहे." खामसायनी टाळ्या वाजवल्या आणि वाजवता वाजवता माझ्या कानात म्हणाले, "केळ दिसली नाही तर गाळा विसर."

आता ते वादळाचं. आईच्या केळी वादळात गेल्या, असं मी तुला कळवलं होतं. वादळ होतं. म्हणजे वारा होता. खरं सांगू? त्या दिवशी पानही हललं नव्हतं. केळी मी तोडल्या, ताई. 'केळी सांभाळ', जाताना आईनं तेवढंच एक सांगितलं होतं आणि तेवढंही मला राखता आलं नाही. सिमेंट ओतलं, तीन खोल्या काढल्या. सिमेंट ओलं असताना त्यावरून कोंबडा गेला, त्याची पावलं तशीच उमटून राहिलीत. ती दिसली की मला आई आठवते आणि रडू येतं.

एक विनंती. पानं येतात तशी ट्रकमधून पाच मोठी झाडं पाठव. जुन्या टायरांत उभी करते. एक दिवस तग धरला तरी पुरे.

मार खायला तयार असलेली तुझी,
लत्समी


नोंगखाई, थायलंड, ५ मार्च

लत्समे,

झाडं मिळणार नाहीत. टायरात म्हणे केळी! आईनं ऐकलं असतं तर तुलाच टायरात उभी केली असती.

वादळाचं मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या नवऱ्यानं खोल्यांची जाहिरात टाकली होती. फोटोत परसभर सिमेंट नि त्यावर कोंबड्याची पावलं. केळीचा राग होताच, पण वादळाचा जास्त होता. तू कधी सांगतेस याची दोन वर्षं वाट बघत होते.

आणि ऐक, त्या बाईंना तू खोटं सांगितलं नाहीस. माझ्या लग्नानंतर आई होडीत बसून इकडे आली होती, पोटाशी केळीचं एक मुनवं, बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, धरून. माझी सगळी बाग त्या एकाची पिलावळ. तू मासा बांधलास ते पान आईच्याच केळीचं.

'परसातलं' तेवढं चुकलं. ते दुरुस्त करायला परवा पहिल्या बसनं मुनवं घेऊन येते. ट्रकभर पानांना पुलावर कुणी अडवत नाही, पण एका मुनव्याला सतरा कागद मागतात. मीही पोटाशी धरीन. विचारलंच तर दिवस गेलेत म्हणेन. साठीच्या बाईला पुढे विचारायची कुणाची छाती होणार नाही.

शुक्रवारी बाईंना खरं काय ते सांग, आणि मुनवं दाखव. गाळा गेला तर दोघी मिळून पुलाच्या तोंडाशी मासे विकू.

सिमेंट नवऱ्याकडून फोडून घे, गुडघ्याची सबब ऐकू नकोस. खड्डा हातभर खोल हवा. कोंबड्याची पावलं आहेत तिथेच खण.

रागावलेली, तरी येणारी तुझी,
ताई