सातव्या रकान्यातली चांदणी

मंगळवार, ३ मार्च

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. समोर येऊन करायची हिंमत नाही, म्हणून पाकिटातून पाठवते आहे.

वहिनीच्या पत्रांतून तुमची खुशाली कळते. सायकलदुरुस्तीचं दुकान आता मोठ्या रस्त्यावर आणलंस म्हणे. इकडे आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ धडधाकट आहे. माझ्या खिडकीची कडी अखेर सुताराने बसवली. तू तीनदा बसवली होतीस आणि ती तीनदा निघाली होती, हे सुताराला सांगितलं नाही.

कारखान्यात धांदल आहे. भोकं पाडलेल्या कार्डांवरचे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर न्यायचे आहेत. माझी आरपीजी आठवते ना, अहवाल छापून देणारी भाषा? तू तिला खाष्ट सासू म्हणायचास, कारण एक अक्षर एक घर सरकलं तरी तिला खपत नाही. हे काम आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रोग्रॅमरबाई करतात. परवा सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मॅडम, गैरहजेरीच्या प्रोग्रॅममध्ये एक गमतीची ओळ सापडली. हा दादा कोण हो?"

मी चहाचा कप बाजूला ठेवला.

आता क्रमाने सांगू दे, नाहीतर पुन्हा कच खाईन.

तुला याच कारखान्यातल्या कामावरून काढलं, त्या महिन्यात माझ्या अहवालात तुझ्या नंबरापुढे बावीस दिवस गैरहजेरी आली. तू घरी ओरडत होतास, "तीन! ताप होता ते तीनच दिवस!" आणि मी आईसमोर म्हणाले, "यंत्राने काय तुझ्यावर डूख धरलाय?" तू पिशवी उचललीस ती उचललीसच. त्याला अकरा वर्षं झाली.

यंत्राने नव्हे, मीच घोळ घातला होता. कामगाराचा नंबर पहिल्या रकान्यापासून वाचायचा, तो मी दुसऱ्यापासून वाचायला सांगितला. सगळ्यांचे नंबर एकनेच सुरू व्हायचे, म्हणून तोवर काही बिघडलं नाही. त्याच महिन्यात नव्या शेडची माणसं आली, त्यांचे नंबर दोनने सुरू होणारे. तुझा १०३४२, तिथल्या एका रंगाऱ्याचा २०३४२. तो बिचारा एकोणीस दिवस अंथरुणाला खिळून होता. पहिला आकडा गळल्यावर यंत्राला तुम्ही दोघं एकच. त्याचे एकोणीस, तुझे तीन.

हे मला परवा कळलेलं नाही, दादा. पुढच्याच महिन्यात कळलं होतं.

मी एक कार्ड बदललं आणि मूग गिळून बसले. घरात कमावणारी मी एकटीच उरले, मलाही काढलं तर आईचं काय, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे भ्याले.

त्या भाषेत सातव्या रकान्यात चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली की ती ओळ यंत्र सोडून देतं. ती फक्त माणसांसाठी असते. तशी एक ओळ मी इंग्रजी अक्षरांत घातली, 'दादा खरं बोलत होता.' कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय राहवेना, आणि तिथे कोणी बघणार नाही अशी खात्री होती.

"माझा भाऊ," मी बाईंना म्हणाले, आणि एकदा तोंड उघडलं ते थांबलंच नाही. तशीच उठून मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, आता कशाला मढी उकरता?" पण मी खुर्ची सोडली नाही. तुझ्या नोंदीत आता तीन दिवस आहेत, आणि काढल्याचा हुकूम रद्द. शिक्क्यासकट प्रत सोबत जोडली आहे. मला ताकीदपत्र मिळालं. अर्धा कागद! ज्याला मी अकरा वर्षं भ्याले, तो एवढासा अर्धा कागद. जिन्यातच हसू फुटलं, मग रडूही आलं. सुटले रे दादा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती गुडघा चोळत होती. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला लिही." आणि थोड्या वेळाने, "त्याला म्हणावं, कडी आता नीट लागते. येऊन बघून जा."

माफ कर असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुला जमेल तेव्हा, जमेल तेवढं कर. हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, दुकानात कोणी असेल तर त्यालाही. यात एकाही ओळीपुढे चांदणी नाही.

तू खरं बोलत होतास.

तुझी,
खोटी ठरलेली धाकटी