टाइपिंगच्या खेळातला चेहरा

सर, स्वतःच्या हातानं मी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण तुम्ही माझ्या हातांवरच बोलला होता. एक खेळ तुरीच्या वावरातून रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायचा. रोही अकरा, राखणदार एक, आणि कुंपण जिथं फाटलेलं तिथूनच ते परत शिरतात. एक खेळ कोळशाच्या ट्रकचा, रेल्वेचं फाटक पडायच्या आत वणीबाहेर निघायचं. एक वेबपान, त्यात मोटरचे खाचे आणि एचपी टाकले की कोणत्या गेजची तार आणि किती टर्न ते येतं. माझ्यासारखे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायची, वाइंडिंगची दुकानं चालवणारे पार चंद्रपूरपर्यंतचे कारागीर ते वापरतात, कुणी केलं हे विचारत नाहीत. एक पान गावोगावच्या शेतपंपांच्या थ्री फेज लाइनच्या वेळांचं. आणि टाइपिंगचा खेळ. प्रत्येक गोष्ट एकेका फाइलीत, कुणाचा तयार तुकडा न उचलता. शिकवलं कुणी नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसातून टाकून दिलेला कंप्युटर आणला, आतली कोळशाची भुकटी ब्रशनं काढली आणि दुकानात दोन मोटरींच्या मधे बसून शिकलो.

तुमची टायपिंग संस्था कापडाच्या दुकानावर होती. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्यानं चढणाऱ्यासाठी वरच थांबायचं. मी एकोणीस वर्षांचा, कापसाच्या वावरात तण काढायचा डवरा चालवून सायकलनं येतो, हौदावर हात धुतो आणि मग वर येतो. तुम्ही बोटांवर लाकडी खोकं उपडं ठेवता, कळा दिसू नयेत म्हणून. पान झालं की ते खिडकीपाशी उजेडात धरता. रबरानं खोडलेलं अक्षर उजेडात पातळ दिसतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी मी एकच अक्षर खोडलं होतं. तुम्ही पान धरलं, पाहिलं, चार तुकडे केले आणि चौदा जणांसमोर म्हणालात, "हे बोटं डवरा धराले देले देवानं, टाइप कराले नाही." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, ते मला जास्त लागलं. महिन्याची फी तुम्ही जिन्यापर्यंत येऊन परत दिलीत. त्यानंतर मी परीक्षेला बसलो नाही. डवरा धरला, मग मोटरी धरल्या.

टाइपिंगचा खेळ केला तेव्हा तुमचा चेहरा मी एकेक ठिपका भरून काढला. बत्तीस ठिपके रुंद, बत्तीस उंच. कपाळावर चढवलेला चष्मा, कानाखालचा तीळ, सफारीचा तपकिरी रंग. तो रंग तीनदा बदलला, बरोबर जुळेपर्यंत. खेळणाऱ्याचं अक्षर चुकलं की तुम्ही खालून वर येता, पान उजेडात धरता, फाडता आणि तेच वाक्य बोलता. आवाज माझा, पण लकब तुमची. नाव कुठंही टाकलं नाही. टाकायची गरज नव्हती. महिन्याभरात नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी सगळी वणी तो खेळ मोबाइलवर खेळत होती, आणि तुम्ही भाजी घ्यायला निघालात की पोट्टे मागून म्हणायचे, "सर, डवरा विसरले काय?"

तोवर सरकारनं टाइपरायटर मशिनींची परीक्षा बंद केली होती. तुम्ही कर्ज न काढता चार जुने कंप्युटर घेतले होते आणि ते तुम्हाला नीट चालू करता येत नव्हते. एकदा क्लासमधे तुम्ही कुणाचं तरी पान फाडलंत आणि मागून कुणीतरी खेळातलं वाक्य तुमच्या आधी बोललं. सगळा क्लास हसला. पुढच्या बॅचला सहा जण आले. हे मला कळत होतं. प्रत्येक बातमी माझ्या दुकानात पोचायची आणि मी ती दोनदा सांगायला लावायचो.

मग एका दुपारी तुम्ही दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आलात. जळालेली मोटर घेऊन दोघे शेतकरी बसले होते.

"तूच का रे तो?"

"कोणता, सर?"

"डवऱ्यावाला."

"हो. बसा. स्टूल पुसून देतो."

तुम्ही बसला नाहीत. "दोन गोष्टी सांगाच्या हायेत. पह्यली, तो चेहरा काढ. पोट्ट्या यायच्या बंद झाल्या क्लासले. बाकी खेळ राहू दे. खेळ चांगला हाये."

खेळ चांगला आहे हे मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. "आन् दुसरी?"

"आधी पह्यलीचं सांग."

मी म्हणालो, "एक पान टाइप करा, सर. खेळातलंच. एक चूक नको. चेहरा इथंच, तुमच्यासमोर काढतो."

"कायले तरास देता म्हाताऱ्याले?" शेतकऱ्यांपैकी एक बोलला.

"तुमची मोटर झाली नाही अजून, भाऊ. बसा," मी म्हणालो.

तुमचा उजवा हात खिशात होता. तो का खिशात असतो हे मला माहीत होतं. बँकेत पैसे काढायच्या कागदावर सही जुळेना म्हणून तुम्ही ती तीनदा केलीत तेव्हा मी तुमच्या मागे रांगेत होतो. तुम्ही तो हात खिशातून काढलात, स्टुलावर टेकलात, पाठ ताठ केलीत आणि कळांकडे न बघता सुरू झालात. सर, तीन ओळी मी तसं टायपिंग आजवर पाहिलं नाही. एकसारखा आवाज, पत्र्यावर पाऊस पडतो तसा. चौथ्या ओळीत करंगळी एकाच कळीवर दोनदा पडली.

पडद्याच्या खालून तुम्ही वर आलात. पान धरलंत, फाडलंत, बोललात. दोघे शेतकरी हसले. मग एकानं पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक माह्यी हाये. पान फाटलंच पाह्यजे." आणि मग दुसरी गोष्ट सांगितलीत.

त्या पावसाळ्यानंतर संस्था बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी स्मशानात आलो नाही. पाच एचपीची मोटर भरत होतो, टर्न मोजणं मधे सोडता येत नाही. लोक म्हणतात आता तरी चेहरा काढ. खेळ माझा आहे, त्यातला एकही ठिपका खोटा नाही, तो तसाच राहील. हे पत्रही खेळाच्या फोल्डरमधेच राहील, कुठं पाठवणार?

फक्त एक लिहायचं राहिलं, ते कुणालाच माहीत नाही. खेळ उतारे आपोआप निवडतो. त्या दिवशीचा उतारा मी निवडला होता. एकूण चाळीस उतारे आहेत, त्यातला एक असा की उजव्या करंगळीला सगळ्यात जास्त काम पडतं. कोणत्या ओळीपासून पडतं तेही मी मोजून ठेवलेलं होतं. तुम्ही स्टुलावर टेकायच्या आत मी तो लावला. तुम्हाला ते कळलं असावं, कारण उठताना तुम्ही पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. तरीही तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत, हात परत खिशात घालून: सकाळची बॅच मी घ्यायची, संध्याकाळची तुम्ही, कंप्युटर माझ्या ताब्यात, पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव, आणि मला महिना सहा हजार रुपये. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नाही म्हणालो.