कंसातला तालुका

नाना, आज दुपारी त्या इंग्रज म्हाताऱ्याची फाइल मंजूर होऊन परत आली आणि माझा जीव भांड्यात पडला. ऑफिसात सगळ्यांनी खजूर आणि काहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, घेतली, मी मात्र झेरॉक्सच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले. तेव्हा आठवण झाली ती तुमची. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मला मस्कतमध्ये येऊन सतरा, म्हणजे मी समुद्रापलीकडे आले हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा आधी ते सांगते. अल् घुब्राला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो, तुमची नात इथल्या भारतीय शाळेत आठवीला आहे, आणि मी रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांची कागदपत्रं सांभाळते. व्हिसा, रेसिडेंट कार्ड, जन्माचे दाखले, डिग्र्या, त्यांची अरबी भाषांतरं. तुम्ही आयुष्यभर केलंत तेच, फक्त माझ्या दफ्तराला वाळवी लागत नाही.

हा म्हातारा आमच्याकडे इंजिनिअर आहे. सत्तरीला टेकलेला, तीस वर्षं ओमानात, सूरकडच्या रस्त्यावरचा एकेक पूल त्याला पाठ आहे. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी इथेच वारली आणि इथल्याच दफनभूमीत आहे. दर शुक्रवारी सकाळी तो पाण्याचा कॅन घेऊन तिथे जातो, कारण त्याने लावलेल्या बोगनवेलीकडे दुसरं कुणी बघत नाही. वय जास्त म्हणून या वेळी त्याच्या परवान्याचं नूतनीकरण करताना सगळे कागद पहिल्यापासून मागितले होते. फाइल नामंजूर झाली असती तर महिन्याभरात त्याला देश सोडावा लागला असता. एकदा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून तो शांतपणे म्हणाला होता की तिकडे माझं घर नाही, माणूसही नाही. जे काही आहे ते इथे मातीखाली आहे. त्यानंतर मला त्या फाइलकडे नुसती फाइल म्हणून बघता येईना.

भानगड होती त्याच्या जन्मठिकाणाची. जन्माच्या दाखल्यावर गावाचं नाव, पुढे एका रूरल डिस्ट्रिक्टचं नाव आणि खाली जुनी काउंटी. तिकडे खेड्यापाड्यांचा कारभार पाहायला आपल्या तालुक्यासारखा एक घटक असे, त्याला ते रूरल डिस्ट्रिक्ट म्हणत. पेन्शनच्या कागदावर मात्र गाव तेच, पण डिस्ट्रिक्ट निराळा आणि काउंटीही निराळी. परवान्याच्या कचेरीत काउंटरवरच्या माणसाने विचारलं, एक माणूस दोन ठिकाणी जन्मला कसा? आणि तुमच्या लेकीने काय करावं? भाषांतर करून घेताना अरबी कागदावर सरळ नव्या डिस्ट्रिक्टचं नाव घालून घेतलं. जुना आता अस्तित्वातच नाही, मग घोळ कशाला, सगळे कागद एकसारखे दिसले म्हणजे झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तिथल्या माणसाने मूळ दाखला आणि भाषांतर शेजारीशेजारी ठेवलं आणि फाइल मिटून परत दिली.

सरकारी कचेऱ्यांतल्या खेपा घालायला आमच्याकडे एक ओमानी माणूस आहे, त्याला इथे मंदूब म्हणतात. एरवी येताजाता चेष्टा करणारा. त्या दिवशी तो खुर्ची ओढून बसला नाही. उभ्याउभ्याच मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, असली में एक नाम, तर्जुमा में दूसरा नाम. वो बोला, ये पेपर झूठा है. एक बार और लेगा, उसके बाद खलास." मी मान हलवली. कागद खोटा केल्याचा ठपका माझ्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा येत होता, आणि पहिल्या वेळी तो तुम्ही ठेवला होता.

ती पहिली वेळ अशी. मी सहावीत आहे. सरकारने आपला तालुका तोडून नवा केला आहे आणि आपलं गाव नव्यात गेलं आहे. आई चुलीपाशी भाकरी थापताना तुमची थट्टा करते आहे, गाव कुठे सरकलं म्हणता, माझी विहीर तर होती तिथेच आहे. तुम्ही हसता आणि पुढ्यातली भाकरी मोडता. चार दिवसांनी रविवारी तुम्ही कुठल्याशा बांधाच्या भांडणासाठी मोजणीला गेलात. चावडीची किल्ली खुंटीवर होती, माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं आणि तुमची मदत करायची मला भारी हौस. मी चावडी उघडली, लाल फडक्यात बांधलेलं दफ्तर सोडलं आणि अर्ध्या ब्लेडने बारा पानांवरचं जुन्या तालुक्याचं नाव खरवडून तिथे नव्याचं नाव घातलं. अक्षर असं वळणदार की माझंच मला कौतुक वाटलं. तुम्ही उन्हातून आलात, टोपी काढली, पहिलं पान पाहिलंत आणि मटकन बसलात. मी शाबासकीची वाट बघत होते.

तुम्ही मारलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "हा खोटा कागद झाला," असं म्हणालात. मी म्हटलं, पण नाना, आता तालुका नवाच आहे ना. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "आता आहे. नोंद झाली त्या दिवशी जुना होता. होता त्याला नव्हता करायचा अधिकार मला नाही, तुला नाही, तहसीलदारालाही नाही." मग सातबाऱ्याचं एक पान काढून मला दाखवलंत. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी पहिल्याचं नाव खोडत नाहीत. त्याला कंस घालतात, शेजारी फेरफाराचा नंबर लिहितात आणि नवं नाव खाली येतं. फेरफाराच्या वहीत तो नंबर काढला की का बदललं, कुणाच्या हुकमाने बदललं, सगळं सापडतं. आजोबा मेला तरी कंसात जिवंत असतो, असं तुम्ही म्हणालात आणि तेवढ्यातही हसलात. तालुक्याच्या नावाला कंस करायचा असं नियमात होतं की नाही कोण जाणे, पण तुम्ही त्यालाही तोच न्याय लावलात. पुढच्या तपासणीत ती बारा खरवडलेली पानं निघाली तेव्हा खुलाशात तुम्ही लिहिलंत, माझ्या हातून निष्काळजीपणा झाला. कार्बनची प्रत मी चोरून वाचली होती. लेखी ताकीद तुमच्या नावावर बसली आणि घरात तुम्ही त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाहीत.

म्हणजे मला हे सगळं माहीत होतं, नाना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाइल परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला गाठलं आणि भाषांतरातली लबाडी माझी होती हे सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने चष्मा पुसला आणि सांगू लागला की तो तरुण असताना तिकडचे सगळे रूरल डिस्ट्रिक्ट एका फटक्यात बरखास्त झाले. कॉलेजातून सुट्टीला घरी आला तर कचेरीबाहेरची पाटी बदललेली. नव्या डिस्ट्रिक्टला एका नदीचं नाव दिलं होतं, आणि ती नदी त्यांच्या गावापासून दहा मैलांवर. त्याची आई मरेपर्यंत पाकिटावर जुनंच नाव लिहीत राहिली. पोस्टमन कुरकुरायचा आणि पत्र पोचवायचा. मला आपली आई आणि तिची विहीर आठवली आणि त्या टेन्शनमध्येही हसू आलं.

मग शुक्रवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. त्या काउंटीच्या अभिलेखागाराने आपल्या जुन्या दफ्तरांची माहिती इंटरनेटवर ठेवली आहे, आणि प्रत्येक दफ्तराच्या आधी ते ज्या कचेरीचं, त्या कचेरीची हकीकत दिली आहे. मला वाटलं होतं दोन ओळी असतील, निघालं अख्खं पान. आधी गोरगरिबांची सोय पाहायला एकत्र बांधलेली खेडी, मग त्यांच्याच हद्दीवर आरोग्याचा कारभार, त्यातून रूरल डिस्ट्रिक्ट. पुढे दोन खेडी शेजारच्या शहराने गिळली, नंतर शेजारचा छोटा डिस्ट्रिक्ट यात मिसळला, शेवटी सगळंच नव्यात विरघळलं आणि काउंटीची हद्दही सरकली. मी वाचत गेले आणि मला तुमची फेरफाराची वही दिसायला लागली. तोच कोरडा आवाज, कुणाची बाजू नाही, फक्त काय झालं आणि कुणाच्या हुकमाने. मी कागदावर रकाने आखले. अनुक्रम, हुकूम, बदल. प्रत्येक पायरीवर जुनं नाव कंसात आणि नवं खाली, आणि सगळ्यांच्या डाव्या बाजूला ते एक गाव, वरपासून खालपर्यंत न हललेलं. तुमची नात मागून डोकावून म्हणाली, "आई, हे व्हिलेजचं फॅमिली ट्री आहे का? मग तो अंकल कुठे बॉर्न झाला?" मी कंसातल्या नावावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "ओके, सिम्पल आहे."

तो तक्ता मी अभिलेखागाराला पाठवला. तिथल्या एका बाईने तो तपासला, एक चूक दुरुस्त केली आणि कचेरीच्या शिक्क्यानिशी पत्र दिलं. भाषांतर नव्याने करून घेतलं, या वेळी जसंच्या तसं, आणि माझ्या सहीने लिहून दिलं की आधीची चूक माझी होती. मॅनेजर म्हणाला, एवढं लिहायची गरज नाही, टायपिंगची चूक म्हणा. मी ऐकलं नाही. त्यानंतरचे नऊ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मंदूबला रोज विचारायची आणि तो रोज "इन्शाल्ला, मॅडम" म्हणायचा. आज तो आला तो फाइल डोक्यावर धरूनच. काउंटरवरच्या माणसाने तक्त्यावरून बोट खाली खाली नेलं म्हणे, आणि हसून म्हणाला की आमच्याकडेही विलायतींच्या हद्दी बदलतात. विलायत म्हणजे इथला तालुका. मग त्याने शिक्का मारला. म्हातारा आता इथेच राहील, शुक्रवारी पाणी घालायला जाईल. मला इतकं हलकं वाटतंय की घरी येताना मी गाडीत मोठ्याने गात होते. माझं गाणं तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, वहीतच राहणार आहे, म्हणून राहिलेलं तेवढं लिहिते. पुण्यात कॉलेजला असताना कुणी विचारलं की मी सांगायची, वडील रेव्हेन्यूमध्ये आहेत. तलाठी म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात आणि वरकमाईचं विचारतात, आणि तुमच्या तर सदऱ्याची कॉलर उलटवून शिवलेली असायची, हे कुणाकुणाला समजावणार. पुढे ती सवयच झाली. आज संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी म्हातारा हलव्याचा डबा घेऊन आला. मॅनेजर शेजारीच उभा होता. म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, जुनं नाव असं जपून ठेवायचं तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये. माझे वडील तलाठी होते, त्यांनी शिकवलं, एवढं एकच वाक्य होतं, नाना, आणि मला ते म्हणता आलं नाही.