निघताना वाजवायची घंटा

परतवाडा

ती. देवमनभाऊजींना किसनचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेवढं अंग वजा धरावं).

इकडे प्राजक्ता मजेत, मीही जेवूनखाऊन बरा. तुमची खुशाली विचारणार होतो, पण तुमच्या रोहितनं फोनवर सांगितलीच. मैनाताई गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, वावरातसुद्धा नाही, आणि माझा फोन आला की उशीखाली दाबून ठेवता. म्हणून पत्र. पत्राला आवाज नसतो, तेव्हा उघडाल अशी आशा आहे.

प्राजक्ताला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकवलं हे तुम्हाला ठाऊक आहेच (ताईनंच हट्ट धरला होता). आपण जन्मभर गवत निंदलं, तिला आता पगार मिळतो तो गवत वाढवण्याचा. इथं डोंगर सुरू होतो तिथं गोल्फचं मैदान आहे, त्याची हिरवळ तिच्याकडे. मैदान नुसतं म्हणायचं, एरवी चटई अंथरण्याइतकी सपाट जागा सापडायची नाही. सगळा चढउतार, आणि अधूनमधून साग, मोह, आंबा. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, पण नुसता चालणारा म्हातारा लोकांना हरवल्यासारखा वाटतो, म्हणून पोरीनं हातात खेळायची काठी दिली. लांब कुठंतरी झेंडा असतो, त्याच्या बुडाशी विटीदांडूसारखी गल. चेंडू तिच्यात घालायचा, बस्स. तेल्हाऱ्याच्या सपाट काळ्या रानातल्या माणसाचं मात्र इथं काही चालत नाही. उभ्या पिकात पाय घालायचा नाही ही आपली सवय, त्यामुळे आधी मी कडेकडेनं, वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून चालावं तसा चालायचो, आणि चेंडूही माझ्यासारखाच धुरा सोडायचा नाही.

मग डावपेच कळत गेले. चढावर झेंडा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, तेव्हा मनात येईल त्याहून जोरात मारावं. आडव्या उतारावर झेंड्यावर नेम धरूच नये, वरच्या अंगाला मारावं, जमीनच चेंडू खाली आणते. झेंड्याच्या वर जाऊन बसलं की पुढचा टोला हातात राहत नाही, म्हणून जरा खालीच थांबावं. आणि सगळ्यात मोठा डाव म्हणजे, चेंडू झाडीत अडकला तर फटीतून थेट झेंड्याकडे मारायची मर्दुमकी करू नये. आधी आडवा मारून मोकळ्यावर काढावा. एक टोला वाया जातो, जाऊ द्यावा. भाऊजी, स्पष्टच बोलतो, तुम्ही झाडीत अडकलाय. तुम्हाला कुणी झेंडा गाठायला सांगत नाही, फक्त मोकळ्यावर या.

चौथ्या झेंड्याची गोष्ट राहिलीच. मधे टेकडी, पलीकडचं काही दिसत नाही. पलीकडे उतरलो तर खांबाला पितळी घंटा! मी बूट काढले, घंटा वाजवली, डोळे मिटून हात जोडले. तोच आकाशातून चेंडू पडायला लागले. एक माझ्या काढलेल्या बुटावर बसला (पाय आत असता तर हे पत्र प्राजक्तानं लिहिलं असतं). मागून अमरावतीचे एक वकीलसाहेब धापा टाकत आले. ‘‘काका, घंटी निघतानी वाजवाची रायते, आल्यावर नाई!’’ पुढचा माणूस वाटेतून निघाला की वाजवायची, मग मागचे मारणार, असा नियम. प्राजक्ता धावत आली. ‘‘बाबा, हे काय मंदिर आहे काय?’’ मी म्हटलं, ‘‘मले काय माहीत? घंटी दिसली की हात जाते!’’

हसण्यावारी गेलं खरं, पण ते मनातून जात नाही. देवाला आपण आल्याचं सांगतो, निघताना गुपचूप निघतो. ताईही तशीच गेली. सकाळी मला फोनवर लोणचं कसं मुरलं ते सांगितलं आणि दुपारी नव्हती. मागच्यांनी काय समजायचं?

प्रकृतीला जपा. दोन घास जास्त खा.

तुमचा मेहुणा,
किसन

ता. क. : वरचे डावपेच सगळे प्राजक्ताचे. माझा चेंडू टेकडीपलीकडे अजून एकदाही गेलेला नाही. मी तो खिशात घालून नेतो.

ता. क. दुसरा : सोमवारी मैदान बंद असतं, पण पोरीमुळे आपल्याला मोकळीक आहे. रोहित रविवारी तुम्हाला गाडीतून घेऊन येतोय. तुम्हाला विचारायचं नाही असं आमचं ठरलंय.

ता. क. तिसरा : तुमच्यासाठी बोलावतोय असं समजू नका. ताईचा फोन रोज यायचा त्या वेळी मी अजून फोन हातात घेऊन बसतो. तिच्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नाही. चौथ्यावर मी पुढं जाईन, खालून तुम्हाला दिसणार नाही. घंटा ऐकू आली की चेंडू राहू द्या. तुम्ही या.